विमानतळाच्या चौकशीत नाव लागलंय? आधी आपले लागेबांधे कागदावर काढा

गेल्या काही वर्षांत तीन-चार ओळखीच्या लोकांचा मला साधारण सारखाच फोन आलाय. कुणी इकॉनॉमिस्ट, कुणी अकाउंटंट, एक जण तर साधा डेटावाला, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच की अरे एका रेग्युलेटरच्या चौकशीत मला घेतलंय, कॉन्फ्लिक्टचा (म्हणजे या प्रकरणात कुणाशी आपले हितसंबंध आहेत का ते सांगायचा) फॉर्म आलाय, माझं तर काहीच नाही, सगळीकडे 'निरंक' लिहून टाकू का? हे 'माझं काहीच नाही' ऐकलं ना की मला धडकीच भरते. ज्याचं खरंच काही नाही असा माणूस अशा चौकशीत घेतच नाहीत हो. विमानतळाचं कळणारा माणूस कुठेतरी विमानतळवाल्यांसोबत, एअरलाइनसोबत नाहीतर त्यात पैसे घालणाऱ्या फंडांसोबत उठबस केलेलाच असतो, आणि तेवढ्यासाठीच तर त्याला बोलावलेलं असतं.

मी लंडनमध्ये कन्सल्टन्सीत काम करतो, वकील नाही, त्यामुळे हे कायदेशीर सल्ला म्हणून घेऊ नका. नवीन माणसाने कुठून सुरुवात करायची आणि कुठे पाय घसरतो एवढंच सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट ऐका, कारण ती माहीत नसेल तर हा फॉर्म म्हणजे नुसती कटकट वाटते.

बीएएची गोष्ट

ब्रिटनमध्ये बीएए नावाची एकच कंपनी सात विमानतळ चालवायची. हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, साउदॅम्प्टन, आणि वर स्कॉटलंडमध्ये एडिंबरा, ग्लासगो, ॲबर्डीन. देशातले ६० टक्क्यांहून जास्त प्रवासी एकाच मालकाच्या दारातून जात होते. २००६ मध्ये स्पेनच्या फेरोव्हियालने, कॅनडातल्या क्वेबेकचा पेन्शनवाला फंड आणि सिंगापूरचा सरकारी फंड सोबत घेऊन, ही कंपनी १० अब्ज पाउंडांच्या वर मोजून विकत घेतली. लगेच पुढच्या वर्षी, मार्च २००७ मध्ये, प्रकरण कॉम्पिटिशन कमिशनकडे, म्हणजे बाजारातली मक्तेदारी तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेकडे, गेलं. या कमिशनची (२०१४ मध्ये ते बंद झालं) पद्धत अशी होती की पूर्णवेळ न्यायाधीश वगैरे नव्हते, बाहेरच्या जाणत्या लोकांचं एक पॅनल असायचं आणि प्रत्येक चौकशीसाठी त्यातले काही जण निवडून गट करायचे. या गटाचे अध्यक्ष होते क्रिस्टोफर क्लार्क, आणि सदस्यांमध्ये एक होते पीटर मोयझर, लीड्स विद्यापीठातले अकाउंटिंगचे प्राध्यापक.

आता नीट लक्ष द्या. मोयझर हे ग्रेटर मँचेस्टर पेन्शन फंडाचे सल्लागार होते. हा फंड त्या भागातल्या नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांचा, आणि त्याचा कारभार टेमसाइड नावाची पालिका बघते. मँचेस्टर विमानतळ चालवणारा मँचेस्टर एअरपोर्ट्स ग्रुप तेव्हा त्या परिसरातल्या दहा पालिकांच्या मालकीचा होता, मँचेस्टर शहराचे ५५ टक्के आणि बाकी नऊ जणांचे प्रत्येकी ५. टेमसाइड त्या नवांतली एक. म्हणजे प्राध्यापक सल्ला देतात फंडाला, फंड चालवते पालिका, पालिकेकडे विमानतळाचा ५ टक्के हिस्सा. मामेभावाच्या साडूचा शेजारी म्हणावं इतकं लांबचं नातं! चौकशी बीएएची, मँचेस्टरची नाही, तर २००७ च्या मार्चमध्ये बघणाऱ्याला यात फारसं काही वाटू नये.

पण ऑगस्ट २००८ मध्ये कमिशनने प्राथमिक निष्कर्ष काढला की बीएएला विमानतळ विकायला लावावे लागतील. पुढच्याच महिन्यात बीएएने स्वतःहून गॅटविक विक्रीला काढलं, आणि घ्यायच्या शर्यतीत कोण उतरलं? मँचेस्टर एअरपोर्ट्स ग्रुप. कालपर्यंत जो तिऱ्हाईत होता तो आता गिऱ्हाईक झाला. बीएएला विकायला लावलं तर ज्याचा फायदा होऊ शकतो त्याच्याशी, दोन-तीन वळणं घेऊन का होईना, निर्णय देणाऱ्याचा धागा जुळला. अहवालाच्या तोंडावर मोयझर बाजूला झाले, आणि १९ मार्च २००९ ला अहवाल आला की गॅटविक विका, स्टॅनस्टेड विका, आणि एडिंबरा-ग्लासगोपैकी एक विका.

बीएए गेली ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे कमिशनच्या निर्णयांविरुद्ध जिथे दाद मागतात तिथे. डिसेंबर २००९ मध्ये तिथे बीएएच्या बाजूने निकाल लागला की वरकरणी पक्षपात दिसतो. मोयझरांनी खरंच कुणाची बाजू घेतली असं बीएएचंही म्हणणं नव्हतं, प्रश्न फक्त 'दिसतं कसं' एवढाच होता. मग कमिशन अपिलात गेलं, ऑक्टोबर २०१० मध्ये कोर्ट ऑफ अपीलने तो निकाल फिरवला, फेब्रुवारी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने बीएएचं अपील ऐकायलाच नकार दिला. त्यानंतर परिस्थिती बदलली म्हणून बीएएची आणखी एक फेरी, तीही २०१२ च्या जुलैपर्यंत चालली. २००९ चा आदेश, आणि स्टॅनस्टेड प्रत्यक्ष विकलं गेलं २०१३ मध्ये, दीड अब्ज पाउंडांना. घेतलं कुणी? मँचेस्टर एअरपोर्ट्स ग्रुपनेच! (मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहा सांडला होता.)

कमिशन शेवटी जिंकलं हे खरं, पण नुसत्या या एका धाग्यावर दीड-दोन वर्षं वकिलांचं मीटर चालू राहिलं. फॉर्म भरताना हे डोळ्यासमोर ठेवा.

पहिलं काम: लागेबांध्यांची यादी, आणि तीसुद्धा एकट्याने करायची नाही

फॉर्म उघडायच्या आधी कोरा कागद घ्या. शेअर सगळेच लिहितात, ते सोपं आहे. राहतं ते बाकीचं. पेन्शन कुठे आहे आणि तो फंड तुम्ही चालवता किंवा सल्ला देता का, की नुसते सभासद आहात (नुसता सभासद असणं बहुतेक वेळा किरकोळ धरतात, पण लिहायचं). मागच्या पाच-सात वर्षांतले क्लायंट. जुनी नोकरी, आणि तिथून अजून काही येणं बाकी आहे का, बोनस, शेअर ऑप्शन, काहीही. कुठल्या संस्थेचे ट्रस्टी आहात का. विमानतळाच्या विस्ताराविरुद्ध सही केली आहे का, कारण स्टॅनस्टेडच्या वाढीविरुद्ध तिथल्या लोकांची मोठी चळवळ होती आणि अशा चळवळीला दिलेली २० पाउंडांची वर्गणीसुद्धा कागदावर यायला हवी. घर विमानांच्या वाटेखाली आहे का. लेख लिहिला असेल, कुठे भाषणात 'ही मक्तेदारी मोडलीच पाहिजे' असं ठोकून दिलं असेल तर तेही, कारण ज्याने आधीच मत जाहीर केलंय तो मोकळ्या मनाने ऐकणार का असा प्रश्न समोरचा वकील विचारणारच. विमान कंपनीच्या माइल्सचं कार्ड मात्र बहुतेकांकडे असतं, एक ओळ लिहा आणि पुढे व्हा.

एकट्याने का नाही ते सांगतो. माझ्या पहिल्या कामात मी मोठ्या तोऱ्यात 'काही नाही' लिहून फॉर्म पाठवला. संध्याकाळी जेवताना बायकोला सहज सांगितलं की अमुक विमानतळाचं काम आलंय, तर ती म्हणाली, 'अहो, मग दादाला विचारा की, तो तिथलाच तर आहे आता.' मेव्हणा! सामान चढवायचं-उतरवायचं कंत्राट असलेल्या कंपनीत तो सहा महिन्यांपूर्वी मॅनेजर म्हणून लागला होता, आम्ही पेढेसुद्धा खाल्ले होते, आणि माझ्या डोक्यात तो आलाच नाही कारण माझ्या डोक्यात विमानतळ म्हणजे विमानतळाची कंपनी. दुसऱ्या दिवशी सकाळी सुधारित फॉर्म पाठवला. काही झालं नाही, फक्त सामान हाताळणीच्या दरांवरचं काम मला दिलं नाही. पण हेच तीन महिन्यांनी दुसऱ्या कुणी शोधून काढलं असतं तर?

म्हणून घरी विचारा. नवरा-बायको, मुलं, भाऊ-बहीण, आणि आपल्याकडे सख्खं-चुलत असा भेद फारसा नसतो म्हणून आपली यादी इथल्या लोकांपेक्षा लांबच होते, होऊ द्या. चुलतभावाशी रोज बोलत असाल तर फॉर्मवर 'जवळचे कुटुंबीय' असं छापलंय म्हणून त्याला गाळू नका.

दुसरं काम: समोर कोण कोण आहे त्याचा नकाशा

तुमची यादी नुसती पडून असेल तर काही कळत नाही, ती कशाशी ताडायची ते लागतं. चौकशी ज्याची आहे त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या वर जा, मालक कोण, मालकाचे मालक कोण. बाजूला या, तिथे वापरणाऱ्या एअरलाइन, दुकानं, पार्किंगवाले, सामानवाले, ज्यांनी कर्ज दिलंय त्या बँका. मग स्पर्धक विमानतळ. आणि शेवटी एक रकाना जो नव्वद टक्के लोक करतच नाहीत: निकाल असा लागला तर कुणाचं भलं होईल? कंपनी मोडायची ठरली तर कोण घेणार, दर कमी केले तर कुणाचा खर्च वाचणार. बीएएच्या गोष्टीत मँचेस्टर याच रकान्यात होतं. पायाभूत सुविधांत पैसे घालणारे फंड जगात मोजकेच आहेत, तीच तीच नावं फिरत असतात, त्यामुळे हा रकाना भरायला अर्धा तास पुरतो.

लिहायचं कसं

फॉर्ममध्ये 'पेन्शन फंडाशी पूर्वी संबंध' असं लिहिणारे खूप भेटतात. हे वाचून कुणाला काही कळत नाही, आणि गंमत म्हणजे कळू नये असंच लिहिणाऱ्याला आतून वाटत असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची वगैरे इथे चालत नाही. कोण, कशाशी, कधीपासून कधीपर्यंत, पैसे मिळतात का, आणि चौकशीतल्या कुणाशी हे कसं जुळतं, एवढं प्रत्येक नोंदीत हवंच. उदाहरणार्थ असं:

'मी अमुक फंडाच्या सल्लागार मंडळावर २०१५ पासून आहे, वर्षाला चार बैठका, मानधन मिळतं. फंडाचा कारभार अमुक पालिकेकडे आहे आणि त्या पालिकेचा तमुक विमानतळात हिस्सा आहे. विमानतळातल्या गुंतवणुकीबद्दल मंडळासमोर आजपर्यंत चर्चा झालेली नाही. झाली तर त्याच दिवशी कळवेन.'

शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची आहेत. आणि 'माझ्या मते यात काही अडचण नाही' हे वाक्य मात्र लिहू नका, कुणी विचारलेलं नाही. अडचण आहे की नाही ते तुम्ही ठरवायचंच नसतं, ते सचिव आणि कायदा विभाग ठरवतात, कारण आपला तो बाब्या असतोच ना.

ते ठरवतात कशावरून?

दोन चाळण्या आहेत. पहिली सरळ पैशाची. निकालात तुमचे स्वतःचे पैसे गुंतलेत तर पुढे चर्चाच नाही, बाहेर. हे फार जुनं आहे, १८५२ मध्ये खुद्द लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे तेव्हाचे ब्रिटनमधले अगदी वरचे न्यायाधीश, कॉटनहॅम यांचा निकाल रद्द झाला होता कारण ज्या कालवा कंपनीच्या बाजूने त्यांनी निकाल दिला तिचे शेअर त्यांच्याकडे होते. कुणालाही वाटलं नव्हतं की त्यांनी मुद्दाम केलं. तरी रद्द. १९९९ मध्ये चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे यांच्या प्रकरणात ही चाळणी पैशाच्या पलीकडे गेली, न्यायाधीश लॉर्ड हॉफमन ॲम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संघटनेशी जोडलेल्या धर्मादाय संस्थेचे संचालक होते आणि ॲम्नेस्टी त्याच खटल्यात म्हणणं मांडत होती, तर हाउस ऑफ लॉर्ड्सला (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च कोर्ट) स्वतःचाच निकाल पुसून नव्याने सुनावणी घ्यावी लागली. इतक्या वरच्या लोकांची ही गत.

दुसरी चाळणी २००१ च्या पोर्टर विरुद्ध मॅगिल या निकालातली. सगळी माहिती असलेला, समंजस, तिऱ्हाईत माणूस बघेल तर त्याला पक्षपाताची खरीखुरी शक्यता वाटेल का? हा माणूस कसा, तर उगाच संशय घेणारा नाही आणि भाबडाही नाही. मी याला लोकलमधला विंडो सीटवाला काका म्हणतो, पेपर पूर्ण वाचलेला, दोन्ही बाजूंचं ऐकून मग मान हलवणारा. फॉर्म भरताना या काकांना समोर बसवा आणि मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना जिथे आवाज आपोआप बारीक होतो ती नोंद नीट लिहायची आहे असं समजा.

मग होतं काय

बहुतेक वेळा काहीच नाही, नोंद होते आणि काम सुरू. हे मुद्दाम सांगतो कारण नवीन लोकांना वाटतं की लिहिलं म्हणजे आपण गुन्हेगार. कधी सांगतात की या विषयाची कागदपत्रं तुम्हाला मिळणार नाहीत. कधी सांगतात बाजूला व्हा.

शेअर असतील तर एक धोका आहे. घाबरून लगेच विकू नका!! चौकशीतली आतली माहिती तुमच्या कानावर आलेली असताना त्यातल्या लिस्टेड कंपनीचे शेअर विकले किंवा घेतले तर तो वेगळाच, फौजदारी स्वरूपाचा मामला होतो. काम स्वीकारायच्या आधी सांगा, लेखी परवानगी आली की मग विका, किंवा ते म्हणतील तर हात न लावता ठेवा. बायकोच्या नावावरचे शेअर हाही त्यातच आला, हुशारी करू नका.

त्यानंतर पॅनलमधल्या लोकांच्या नोंदी पक्षकारांना कळवतात, आक्षेप असेल तर सांगा म्हणून. इथे पूर्ण लिहिण्याचा तुमचाच फायदा आहे. सगळं माहीत असून समोरचा गप्प बसला तर नंतर त्याला तोच मुद्दा उकरून काढणं अवघड जातं. पण अर्धवट सांगितलं असेल तर तो म्हणणार, मला कुठे सगळं माहीत होतं, आणि त्याचं बरोबर असेल. तुम्ही पक्षकाराच्या बाजूने काम करत असाल तर उलट बाजूने तेच लक्षात ठेवा, आक्षेप खिशात ठेवून निकाल काय लागतो ते बघू असं करू नका, कोर्टात पहिला प्रश्न 'तेव्हा का नाही बोललात' हाच येतो.

फॉर्म भरला, आता विसरलात की संपलं

या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. मोबाइलमध्ये दर महिन्याला एक रिमाइंडर लावा आणि यादी परत वाचा. शिवाय चौकशीची प्रत्येक पायरी ओलांडली की वाचा, म्हणजे प्राथमिक निष्कर्ष आले, उपायांवर चर्चा सुरू झाली, कुणी विक्री जाहीर केली. तुमचं आयुष्य तसंच असतं पण समोरचे खेळाडू बदललेले असतात. आणि उलटही होतं, तुम्ही सल्ला देता त्या संस्थेच्या बैठकीचा अजेंडा येतो आणि त्यात पाचव्या नंबरला 'विमानतळात गुंतवणूक: चर्चा' असं असतं. तो अजेंडा दिसला की कागदपत्रं उघडायच्या आधी चौकशीच्या सचिवाला फोन, मग मेल. बैठकीनंतर सांगितलं तर ते वरातीमागून घोडं, कारण तोपर्यंत तुम्ही वाचलेलं असतं आणि वाचलेलं न वाचलेलं करता येत नाही.

बाजूला व्हायची वेळ आली तर पूर्ण व्हा. 'मी बसतो फक्त, बोलणार नाही' हे चालत नाही. आपल्याकडचाच सुप्रीम कोर्टाचा १९६९ चा क्रायपाक खटला बघा. जम्मू-काश्मीरमध्ये वनसेवेसाठी निवड चालली होती आणि निवड मंडळावर बसलेले एक अधिकारी स्वतःच उमेदवार होते. स्वतःच्या नावाची चर्चा आली तेव्हा ते उठून गेले, पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांच्या वेळी बसले होते आणि यादी ठरवण्यातही होते. पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने निवड रद्द केली. तेवढ्यापुरतं उठून जाणं म्हणजे बाजूला होणं नव्हे. तर ईमेलच्या ग्रुपमधून नाव काढून घ्या, फोल्डरचा ॲक्सेस बंद करून घ्या, आणि कोणत्या तारखेला किती वाजता बंद झाला ते लिहून ठेवा. चहाच्या टेबलावर सहकारी 'काय चाललंय माहितीय का' म्हणून सुरू झाला तर कप उचला आणि निघा.

भारतात काम करत असाल तर

मुंबई, पुणे, गोव्यासारख्या मोठ्या विमानतळांचे दर एरा, म्हणजे विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवतं, २००८ च्या कायद्याने आलेलं. सदस्य नेमताना त्या व्यक्तीचा कामावर परिणाम करेल असा आर्थिक किंवा इतर हितसंबंध नाही याची खात्री निवड समितीने करायची असं कायद्यातच आहे. एरा दर ठरवण्याआधी सल्लामसलतीचा मसुदा काढतं, त्यावर एअरलाइन, विमानतळवाले, प्रवासी संघटना सगळे लिहितात, आणि यातल्या कुणासाठी तरी अहवाल करून देणारे कन्सल्टंट तेच तेच असतात कारण या क्षेत्रात माणसंच कमी. आज विमानतळासाठी ट्रॅफिकचा अंदाज करून देणारी टीम उद्या दुसऱ्या बाजूला दिसू शकते. म्हणून तुम्ही कन्सल्टन्सीत ज्युनियर असाल तर स्वतःपुरती एक साधी एक्सेल शीट आजपासून ठेवा, कुठलं काम, कुणासाठी, कुठल्या विमानतळाचं, सुरू कधी संपलं कधी. नोकरी बदलली की जुना लॅपटॉप परत जातो आणि तीन वर्षांनी फॉर्म समोर येतो तेव्हा २०१९ च्या जूनमध्ये आपण कुणाचं मॉडेल करत होतो ते कुणालाही आठवत नाही, मलाही आठवलं नव्हतं, जुन्या टीममधल्या तिघांना फोन करून जुळवावं लागलं आणि तिघांनी तीन वेगळे महिने सांगितले. फक्त त्या शीटमध्ये क्लायंटचे आकडे किंवा फाइली ठेवू नका, नाव आणि तारखा बास.